बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

सकाळी मोटार सुरू झाली नाही, की घरोघरी निदान ठरलेले : "बॅटरी गेली." नवी बॅटरी येते आणि कधीकधी आठवड्याभरात तीही उतरते. कारण दोष बॅटरीत नसून तिच्या चार्जिंगमध्ये असतो. दहावीच्या विद्यार्थ्याला एवढे निदान करता आलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला लागणारे भौतिकशास्त्र तो शिकलेला असतो. मीटर मात्र त्याच्या हाती कोणी देत नाही.

मोटारीच्या बॅटरीत शिसे-आम्लाचे सहा घट एकसर जोडलेले असतात. प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण चार्ज झाल्यावर एकूण १२.६. रात्रभर उभ्या गाडीत मल्टिमीटर १२ च्या आसपास दाखवील, तर बॅटरी उतरली आहे. का उतरली, हे अजून कळलेले नाही! ती चार्ज करून घ्या, इंजिन सुरू करा आणि पुन्हा मोजा. आता साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. आकडा चढलाच नाही, तर पट्टा, ब्रश, डायोड किंवा नियामक यांवर संशय घ्यावा. १५ च्या वर गेला, तर बहुधा नियामकच बिघडला. (काही नव्या गाड्यांत संगणक हे व्होल्ट मुद्दाम कमीजास्त करतो, तेथे एका वाचनावर निकाल देऊ नये.)

मला सर्वांत आवडते ती पुढची चाचणी. इंजिन चालू, दिवे लावलेले. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या धन अग्रावर, दुसरे बॅटरीच्या धन अग्रावर. दोन्ही एकाच तारेने जोडलेली, मग विभवांतर जवळजवळ शून्यच हवे ना? पण गंजलेल्या सांध्याचा रोध ०.०२ ओहम असेल, तर ४० अँपिअर प्रवाहाला ०.८ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. अल्टरनेटर निर्दोष, तरी बॅटरी उपाशी! एवढासा रोध साध्या मल्टिमीटरने थेट मोजता येत नाही; प्रवाह वाहू लागला की तो उघडा पडतो. ओहमचा नियम शिकवायला रोधपेटीपेक्षा हा सांधा मला अधिक पसंत आहे.

काहीजण चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहतात. डायनामोच्या काळात ते खपून गेले. अल्टरनेटर असताना मात्र व्होल्ट एकदम उसळून डायोड आणि संगणक जळू शकतात.

शिक्षकांनी एखादी मोटार शाळेच्या अंगणात उभी करून हे प्रयोग स्वतःच्या देखरेखीखाली करवून घ्यावेत. ओढण्या, सैल बाह्या पट्ट्यापासून दूर ठेवाव्यात. लोखंडी पाना बॅटरीच्या दोन्ही अग्रांना एकदम टेकू देऊ नये. १२ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, पण पान्यातून शेकडो अँपिअर वाहतात, ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.