दर जूनला नवे गुरुजी

जूनच्या मध्यावर पश्चिम महाराष्ट्रातील शाळा उघडतात. नवी पुस्तके, नवे गणवेश, नवी दप्तरे यांबरोबर अलीकडे मुलांच्या वाट्याला आणखी एक नवलाई येऊ लागली आहे, ती म्हणजे नवे शिक्षक. गेल्या वर्षी ज्यांनी बोट धरून कविता म्हणायला शिकवले त्या बाई यंदा दिसत नाहीत, कवायत घेणारे सर दुसऱ्या गावी गेलेले असतात आणि मुलांना त्याचे कारण कोणी सांगत नाही.

सांगली-ईश्वरपूर मार्गावरील आष्टा हे वाळवा तालुक्यातील नगरपालिकेचे गाव. कृष्णाकाठची काळी जमीन, उसाचे फड आणि त्या उसाच्या बिलावर चालणारी घरे. शिक्षणाची आस येथे मोठी आहे. युती शासनात मंत्री राहिलेले अण्णासाहेब डांगे यांच्या संत ज्ञानेश्वर शिक्षण संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ पासून या गावात उभे आहे. पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत घालणारा शेतकरी, दुकानदार व नोकरदार पालक आष्ट्यात आहे, तसाच तो कराडपासून मिरजेपर्यंत प्रत्येक बाजारपेठेच्या गावात आहे. म्हणूनच येथे मांडलेला प्रश्न कोणा एका शाळेचा नाही. तो त्या साऱ्या शाळांचा आहे, जेथे इमारत दरवर्षी एका मजल्याने वाढते आणि शिक्षकांची हजेरीपत्रिका दरवर्षी नव्याने लिहावी लागते.

एका वर्षाचा जमाखर्च

जूनमध्ये वर्गावर आलेले गणिताचे शिक्षक सरकारी नेमणुकीचे पत्र हाती पडताच जुलैअखेर निघून जातात. गणपतीपर्यंत वर्ग कोणाच्या तरी जादा तासावर ढकलला जातो. मग एक बाई येतात. मुलांची नावे त्यांना पाठ होईतो दिवाळी उजाडते आणि सुटीनंतर, मिळणारा पगार प्रवासखर्चालाही पुरत नाही म्हणून, त्या परतत नाहीत. जानेवारीत तिसरे गृहस्थ रुजू होतात. सहावीतल्या मुलाच्या एकाच वहीत तीन निरनिराळ्या सह्या सापडतात. वही तीच, मूल तेच. अपूर्णांकांत ते जेथे अडले होते ती जागा मात्र तिघांपैकी एकालाही दिसलेली नसते.

शाळेचे वर्ष म्हणजे केवळ अभ्यासक्रमाची पाने नव्हेत. आष्ट्यात चौंडेश्वरीच्या भावईची धामधूम सुरू झाली की वर्गातली मुले का गळतात, कोणत्या घराला उत्सवात कसला मान आहे आणि त्या घरचा मुलगा त्या दिवसांत किती ताठ मानेने वावरतो, हे गावात मुरलेल्या शिक्षकालाच ठाऊक असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा काठावरच्या गावांतील अनेक मुलांचे घरदार पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर शाळेत परतलेले मूल गप्प का बसते, हे ओळखायला त्याचे आधीचे हसणे पाहिलेला माणूस वर्गात असावा लागतो. गळीत हंगामात घरची माणसे फडावर असतात. तेव्हा धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी कोण दांडी मारते आणि कोण त्याचा बहाणा करते, यातला भेद हजेरीपटावर उमटत नाही.

जानेवारीत स्नेहसंमेलनाचा मंडप पडतो, ध्वनिवर्धक लागतात, पाहुण्यांची भाषणे होतात. मार्चमध्ये परीक्षा होतात. एप्रिलमध्ये निकालपत्रावर वर्गशिक्षक सही करतात आणि त्याच सुमारास पुढील वर्षी आपली गरज नसल्याचे त्यांना तोंडी कळते. ज्याने मुलाच्या प्रगतीविषयी दोन ओळींचा शेरा लिहिला, त्याच्या प्रगतीविषयी एक ओळ लिहून देण्याची तसदीही कोणी घेत नाही.

या मातीची परंपरा वेगळी होती

हे ज्या भूमीत घडते तिचा इतिहास पाहिला की खंत अधिक वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांचे घराणे याच वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. या संस्थेचा विस्तार झाला तो तिला वाहून घेतलेल्या आजीव सेवकांच्या बळावर. त्यापूर्वी १८८० च्या प्रारंभी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे आजीव सदस्य वीस वर्षे सेवेची प्रतिज्ञा करीत. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या प्रकांड बुद्धीच्या माणसाने दरमहा ७५ रुपयांवर ही सेवा केली. याच सोसायटीने १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. मतभेद तेथेही झाले. टिळक १८९० मध्ये बाहेर पडले ते सदस्यांच्या त्यागाच्या मर्यादांवरूनच. वाद होता तो आपण संस्थेसाठी किती द्यायचे याचा.

त्या रचनेचे मर्म साधे होते. शिकवणारेच संस्थेचे कर्तेधर्ते होते. १९५२ मध्ये गोरखपूरला पहिले सरस्वती शिशुमंदिर सुरू झाले, तेव्हाही शिक्षकाला ‘आचार्य’ म्हटले गेले आणि विद्यार्थ्याच्या घरी जाऊन भेटणे हा त्याच्या कामाचा भाग मानला गेला. ज्याच्या आचरणातून शिकायचे तो आचार्य, आणि आचरण पाहायला सहवास लागतो. सहवासाला वर्षे लागतात.

पुढे वारे बदलले. वसंतदादा पाटलांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८३ मध्ये, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. ग्रामीण मुलांसाठी दारे उघडली, हे त्या निर्णयाचे श्रेय नाकारता येणार नाही. पण शिक्षण हा भांडवल घालून चालवायचा उद्योग आहे, ही कल्पनाही त्याच दारातून आत आली. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने ती शालेय शिक्षणात स्थिरावली. उद्योगाची भाषा आली की शिक्षक हा खर्चाच्या रकान्यात जातो, आणि खर्च कमी करणे हे चतुर चालकाचे लक्षण ठरते.

कायदा आहे, धाक नाही

शिक्षक वाऱ्यावर सोडला जाऊ नये म्हणून महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आहे. कायम रिक्त पदावर नेमलेल्याला दोन वर्षांचा परिवीक्षाकाळ, तो समाधानकारक पूर्ण केल्यावर कायमपणा, अन्याय झाल्यास शाळा न्यायाधिकरणाकडे दाद, असे त्याचे स्वरूप आहे. राजीनाम्याविषयीची तरतूद तर बोलकी आहे. राजीनामा दोन प्रतींत करावा, दोन्हींवर सही करून तारीख घालावी, एक प्रत नोंदणीकृत टपालाने व्यवस्थापनाला पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी. तारखेविना राजीनामा आधीच लिहून घेणाऱ्यांचे हात कायदेकर्त्यांना ठाऊक असल्याखेरीज इतकी बारीक काळजी घेतली गेली नसती. या कायद्याला बगल देण्याचा मार्ग सोपा आहे. नेमणूक जूनला द्यावी, एप्रिलअखेर संपवावी आणि जूनला पुन्हा कोरा कागद पुढे करावा.

शासनानेही याबाबत चांगला कित्ता घालून दिलेला नाही. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पर्यंत दरमहा ६,००० रुपये होते, तेव्हा कोठे ते १६,००० झाले. २०१२ मध्ये शिक्षकभरतीला खीळ बसली आणि केंद्रीय निवडीची ‘पवित्र’ प्रणाली आली ती २०१७ मध्ये. मधल्या काळात पदवी व प्रशिक्षण घेतलेल्या तरुणांनी खाजगी शाळेत मिळेल त्या पगारावर तास घेतले. असा तरुण सरकारी नेमणूक मिळताच शाळा सोडून गेला, तर त्याला बोल लावता येणार नाही. त्यालाही घर आहे.

संस्थाचालकांच्याही काही तक्रारी रास्त आहेत. शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के जागांची प्रतिपूर्ती वेळेवर मिळत नाही. २०१४ च्या प्रमाती खटल्यातील निकालाने अल्पसंख्याक संस्थांना या कायद्यातून वगळले, त्यामुळे सारे बंधन उरलेल्या समाजाच्या संस्थांवर पडले. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच एका पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांकडे सोपवला, यावरून ही तक्रार हवेतली नव्हती हे स्पष्ट होते. या विषमतेविरुद्ध लढले पाहिजे. परंतु शासनाकडून येणे थकले म्हणून शिक्षकाचे देणे थकवायचे, हा न्याय नव्हे. ज्याच्याशी भांडण आहे त्याच्यापुढे नमायचे आणि जो दुबळा आहे त्याच्याकडून वसुली करायची, हा पुरुषार्थही नव्हे.

प्रश्न आपल्या घरातला

आणि म्हणूनच हा प्रश्न राष्ट्रीय विचारांच्या संस्थांनी सर्वांआधी स्वतःला विचारला पाहिजे. सकाळी सरस्वतीवंदना होते, भिंतीवर विवेकानंदांची तसबीर असते, गुरुपौर्णिमेला मुले वाकून नमस्कार करतात. ज्या पायांवर ती मस्तक ठेवतात ते पाय पुढच्या वर्षी शाळेच्या उंबऱ्याआत असतील की नाही, याची खात्री नसेल, तर मुले त्यातून काय शिकतात? गुरू हे बोलण्यापुरते पूज्य आणि व्यवहारात बदलण्याजोगे, एवढेच. असा धडा एकदा मनावर ठसला की मूल्यशिक्षणाच्या दहा तासिकांनीही तो पुसला जात नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांच्या अतिरेकी बदल्या थांबवाव्यात असे म्हटले आहे आणि त्याचे कारण दिले आहे ते मुलांपुढील आदर्शांत सातत्य राहावे हेच. ते वचन सरकारी बदल्यांविषयी असले, तरी खाजगी शाळांनी त्यातून अंग काढून घेण्याचे कारण नाही.

बदल मुळीच नको, असा याचा अर्थ नव्हे. कामचुकार शिक्षक जावाच, नवे रक्त यावेच. पण झाडाची पाने बदलतात, मुळे बदलत नाहीत. प्रत्येक शाळेत दहा-पंधरा वर्षे टिकलेली पाच-सात माणसे असली, तर नवागतही त्यांच्या सावलीत घडतो. त्यासाठी कायद्याप्रमाणे नेमणूक, वेळेवर पगार आणि मे महिन्याचेही वेतन, एवढे तर कोणतीही संस्था इमारतीचा पुढचा मजला वर्षभर लांबवून करू शकते. शाळा समित्यांवर बसलेल्या कार्यकर्त्यांनी वार्षिक सभेत इमारत निधीच्या आधी शिक्षकांच्या कायमपणाचा विषय घ्यावा.

पालकांच्या हाती तर याहून सोपे साधन आहे. प्रवेशाच्या वेळी बस कोणत्या रस्त्याने येते, संगणक किती आहेत, हे सारेच विचारतात. त्याबरोबर एवढेही विचारावे : गेल्या जूनमध्ये येथे असलेल्या शिक्षकांपैकी या जूनमध्ये किती जण आहेत? आष्ट्यातल्या शंभर पालकांनी हा प्रश्न विचारला, तर पुढच्या जूनला त्याचे उत्तर द्यावे लागेल, हे संस्थाचालकांनाही उमगेल.