दोष जिभेचा की भुकेचा?

लठ्ठ मनुष्य दिसला की पुष्कळांच्या तोंडून एकच उद्गार निघतो : "जिभेला लगाम नाही, दुसरे काय!" वर्गातील एखाद्या स्थूल मुलाला तर हा टोमणा नित्य ऐकावा लागतो. हा न्याय सोपा खरा. परंतु तो योग्य आहे काय?

भूक पोटात लागते असे आपण म्हणतो. वस्तुतः तिची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग हलवितो. शरीराची वार्ता रक्तातून त्याच्याकडे पोचविणारे दूत म्हणजे संप्रेरके. जठर रिकामे झाले की त्यातून घ्रेलिन स्रवते व अन्नाची मागणी करते. उलट, शरीरातील मेदपेशी लेप्टिन निर्माण करतात. साठा पुरेसा आहे, असा निरोप ते देते.

हा निरोप पोचला नाही तर काय होते? १९४९ साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत काही विलक्षण लठ्ठ उंदीर आढळले. त्यांची भूक शमतच नसे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी हे कोडे उलगडले. त्या उंदरांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हते. पुढे ते टोचून देताच त्यांचे खाणे कमी झाले व वजनही उतरले.

माणसांत लेप्टिनचा असा अभाव क्वचितच असतो. बहुतेक लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात ते भरपूर असते. पण मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही. शिवाय आहार तोडून वजन घटविले की लेप्टिन घटते, घ्रेलिन वाढते आणि भूक अधिकच खवळते. ज्याला आपण खादाड म्हणून हिणवितो, तो कदाचित आपल्याहून मोठ्या भुकेशी झुंजत असतो.

"मग हवे तितके खावे आणि संप्रेरकांना दोष द्यावा!" असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. साधा आहार, मैदानावरचा खेळ आणि पुरेशी झोप यांचे मोल तिळमात्र उणे होत नाही. प्रत्येकाने आपल्या ताटाकडे अवश्य पाहावे. दुसऱ्याच्या देहाकडे मात्र बोट दाखवू नये. टोमण्यांनी वजन उतरत नाही, मन खचते. अशा सोबत्याला हसण्यापेक्षा खेळावयास बोलवावे, यातच खरा शहाणपणा आहे.