वीज मोफत झाली, तरी मोटार का जळते?

राज्यात 7.5 एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत मोफत वीज देण्याची योजना आहे. बिलाची चिंता मिटली, पण मोटार रिवाइंडिंगचा खर्च आजही तुमच्याच खिशातून जातो. त्यात पाण्याची पाळी चुकली, तर दाणे भरणारा गहू थांबत नाही.

बहुतेक वेळा मूळ दुखणे कमी व्होल्टेजचे असते. मोटारीची फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 415 ऐवजी 300 व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज 72 टक्के राहते, टॉर्क मात्र 52 टक्क्यांवर येतो. पंपाचा भार तोच असल्याने मोटार सुमारे 1.4 पट करंट ओढते आणि वाइंडिंगमधील उष्णता जवळपास दुप्पट होते. मोटार पूर्ण वेग घेऊ शकली नाही, तर करंट याहून जास्त वाढतो.

आता डीपीवर काय घडते ते पाहा. वीज येताच ‘ऑटो’वरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच ते सात पट करंट घेते. व्होल्टेज कोसळते, कोणाचीच मोटार नीट उचलत नाही आणि डीपीही जळू शकते. रात्रीच्या विजेमुळे ‘ऑटो’ लावणे भाग पडले, हे खरे आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून जिथे दिवसा वीज मिळू लागली आहे, तिथे मात्र ‘ऑटो’ची गरज उरत नाही.

काय करावे?

- ‘ऑटो’ काढावा. ते शक्य नसेल, तर एका डीपीवरील शेतकऱ्यांनी आपापसांत ठरवून टायमरमध्ये दोन-दोन मिनिटांचे अंतर ठेवावे.
- 5 एचपी मोटारीला साधारण 2 केव्हीएआरचा कपॅसिटर बसवावा. लाइनवरील करंट कमी होऊन व्होल्टेज सुधारते. एकट्याने बसवून फरक थोडा पडतो, सर्वांनी बसवल्यास जाणवतो.
- ओव्हरलोड रिले मोटारीच्या पाटीवरील करंटनुसार लावावा. तो सारखा ट्रिप होतो म्हणून वाढवून ठेवू नये.
- सिंगल फेज प्रिव्हेंटर काढून थेट जोडणी करू नये.
- स्टार्टर दाबण्यापूर्वी व्होल्टमीटर पाहावा. व्होल्टेज 350 च्या खाली असेल तर थांबावे.

कृषी सहायकांनी गावबैठकीत डीपीनिहाय शेतकऱ्यांना एकत्र बसवावे. एका डीपीवरच्या सगळ्यांनी ठरवले, तरच हे उपाय टिकतात.