मुलीला दवाखाना नको, संशोधन हवे

मुलगी बी.डी.एस. झाली की घरात जागेचा शोध सुरू होतो. स्टेशनजवळ गाळा मिळेल का, खुर्ची आणि एक्स-रे यंत्रासाठी कर्ज किती काढावे लागेल, इथपासून पाटीवर कोणते आडनाव लावायचे इथपर्यंत चर्चा जाते. अशा वेळी मुलगी म्हणाली, ''बाबा, मला दवाखाना नको, संशोधन करायचंय,'' तर घर गप्प होते. पाच वर्षांचा खर्च पाण्यात गेला, असे वडिलांना वाटते. आई हळूच विचारते, ''अगं, दातांमध्ये शोधण्यासारखं राहिलंय तरी काय?''

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच देशात सापडते.

गावोगावी तपासणी

मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था भौतिकशास्त्र आणि गणितासाठी प्रसिद्ध आहे. पण याच संस्थेत दंतसंशोधनाचाही एक विभाग होता. दंतवैद्य डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरात, केरळ, आंध्र आणि बिहारमधल्या ५०,९१५ ग्रामस्थांचे तोंड तपासले. ती माहिती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७२ मध्ये महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तपासणीचे निष्कर्ष आले. या कामात डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग होते आणि संख्याशास्त्र जाणणारे डॉ. प्रकाश गुप्ताही होते.

गावात जायची गरज काय होती? रुग्णालयात फक्त आजारी माणूस येतो. तंबाखू खाऊनही ज्याला काही झाले नाही आणि ज्याने तंबाखूला कधी हातच लावला नाही, ते दोघेही घरीच असतात. त्यांना मोजल्याशिवाय दोष तंबाखूचा की आणखी कशाचा, हे ठरत नाही. म्हणूनच पुढे हजारो लोकांचा दहा वर्षे पाठपुरावा केला गेला. तोंडातले पांढरे चट्टे आणि कर्करोग जवळजवळ सगळे तंबाखू वापरणाऱ्यांतच नव्याने उद्भवत होते. शिवाय कर्करोगाच्या आधी बहुधा चट्ट्यासारखी खूण दिसत होती. म्हणजे रोग वेळीच ओळखायला संधी होती.

मग पुढचा प्रश्न आला : सांगून लोक तंबाखू सोडतील का? सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना सवय सोडण्यासाठी समजावण्यात आले. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या निष्कर्षांनुसार, समजावलेल्यांपैकी अधिक लोकांनी तंबाखू सोडली आणि त्यांच्यात नवे चट्टेही कमी आढळले. ज्या घरात अजून मशेरीने दात घासले जातात, त्या घराला या माहितीचे मोल वेगळे सांगायला नको.

हात तयार, नजर वेगळी

दंतमहाविद्यालयात विद्यार्थ्याचा हात तयार होतो. कीड काढणे, दात भरणे, कवळी बसवणे तो शिकतो. संशोधकाला याखेरीज बरेच शिकावे लागते. प्रश्न नेमका कसा मांडायचा, किती माणसे तपासायची, तुलनेसाठी कोणाला घ्यायचे, हे आधी ठरवावे लागते. दोन दंतवैद्यांनी एकच चट्टा पाहून एकच नोंद करावी यासाठी सराव लागतो. तपासणीपूर्वी माणसाला सगळे समजावून त्याची संमती घ्यावी लागते. आणि आपला अंदाज चुकला, तर तसे लिहिण्याचा प्रामाणिकपणाही लागतो.

सुरुवात कुठून करावी?

यासाठी पदवी हातात येण्याची वाट पाहू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. तीत बी.डी.एस.चे विद्यार्थीही भाग घेऊ शकतात. आपल्या महाविद्यालयातल्या मार्गदर्शकाकडे दोन महिन्यांत एक छोटा विषय पूर्ण करायचा आणि अहवाल द्यायचा. अहवाल मान्य झाला की विद्यावेतन मिळते. आपल्याला हे काम रुचते की नाही, हे कळायला दोन महिने पुरतात.

पुढे एम.डी.एस.च्या तीन वर्षांत प्रबंध लिहावाच लागतो. अनेक जण तो उरकून टाकतात. संशोधनाची इच्छा असणाऱ्याने मात्र तीच आपली पहिली शाळा मानावी. सार्वजनिक आरोग्य दंतशास्त्र ही शाखा अशा मुलामुलींना विशेष उपयोगी आहे. त्यानंतर पीएच.डी.ची वाट खुली असते. जीवशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकलेल्यांनाही या क्षेत्रात काम आहे.

घरच्यांनी काय करावे?

अडचणी लपवू नयेत. या वाटेवर सुरुवातीची कमाई दवाखान्यापेक्षा कमी असू शकते, चांगला मार्गदर्शक शोधावा लागतो आणि फळ उशिरा मिळते. लग्नाचे वय निघून जाईल, हा धाक मुलींना वेगळाच. म्हणून मुलीने दोन-तीन वर्षांचा खर्च, विद्यावेतन आणि पुढच्या नोकरीच्या शक्यता कागदावर मांडून आई-वडिलांसमोर ठेवाव्यात. वडिलांनीही गाळ्याचा विसार देण्यापूर्वी तो कागद शांतपणे वाचावा. दंतवैद्याची पदवी कुठे जात नाही. दवाखाना चार वर्षांनीही उघडता येतो. शिकण्याची उमेद मात्र इतकी वर्षे थांबेलच, असे नाही.