उंदरांचा जमाखर्च

आमची सोसायटी येऊरच्या पायथ्याशी आहे, हे नेहमीच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पार्किंगचं महाभारत त्यांनी याच सदरात वाचलंय. या आठवड्यात पार्किंग मागे पडलं, कारण पंपरूमजवळ अजगर निघाला.

सर्पमित्राने ते धूड अलगद पोत्यात भरून वनखात्याला फोन करेपर्यंत निम्म्या सोसायटीचे सेल्फी उरकले होते. गर्दीला ज्ञान वाटत होता चौथ्या मजल्यावरचा चिरंजीव. त्याच्या खोलीत, काचेच्या पेटीत, बॉल पायथन आहे. घाबरला की गोळा होतो, म्हणून नाव लाडू. ‘काका, हा जंगली. आमचा लाडू घरातलाच!’

आपला अजगर १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. तो पाळणं गुन्हा. लाडूचं कूळ आफ्रिकेतलं, त्यामुळे त्याची नोंद सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर. विष दोघांनाही नाही. विळखा घालून भक्ष्याचा रक्तप्रवाहच थांबवायचा, ही दोघांची रीत. तिकडे फ्लोरिडात हौसेने आणलेले बर्मी अजगर मोकळे सुटले आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत असे फोफावले की २०१२ साली अमेरिकेने त्यांची आयातच बंद केली.

पण लाडूचं खरं प्रकरण फ्रीजरमध्ये आहे. तो गोठवलेले उंदीर खातो. विकतचे! कोमट पाण्यात ठेवून नरम करायचे आणि चिमट्याने भरवायचे. चिरंजीवांची आई, म्हणजे आमच्या वहिनी, संकष्टीला मोदकांसाठी खोवलेला नारळ काढायला गेल्या, तर हाताला थेट गणपतीचं वाहन लागलं. तेव्हापासून त्या घरात नारळ रोज ताजा खोवतात.

आता हिशेब बघा. घुशींनी माझ्या गाडीच्या वायरी कुरतडल्या. त्यांच्या बंदोबस्ताचे पैसे मेंटेनन्समधून दरमहा जातात आणि घुशी दरमहा वाढतात. चौथ्या मजल्यावर उंदीर पैसे मोजून येतात. आणि जो हे काम पंपरूमपाशी फुकटात करत होता, त्याला आम्ही पोत्यात घालून पाठवला.

सभेत मी म्हटलं, पुढचा अजगर आला तर त्याला राहू द्या, हवं तर वॉचमनच्या हजेरीपुस्तकात नाव घाला. चिटणीस म्हणाले, ठराव लेखी द्या. दिला. अनुमोदन द्यायला फक्त वहिनी तयार आहेत, तेही एका अटीवर : लाडूनेही खाली उतरून कमवून खावं.

ही अट मान्य करता येत नाही. फ्लोरिडातही सुरुवात अशाच एखाद्या वैतागलेल्या आईपासून झाली असणार.