समुद्रातल्या तेलाला जबाबदार ठरलाय, वालधुनीचं काय?

अंबरनाथ : बुवापाड्यातून समुद्र दिसत नाही. पण अंबरनाथमधून वाहणारी वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि ते पाणी खाडीतून समुद्रालाच जातं. त्यामुळे समुद्रात तेल सांडल्यावर कोण काय करतं, हे इथल्या लोकांनीही समजून घ्यायला हवं.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ समुद्रात 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली. सुमारे ८०० टन तेल सांडलं. कंटेनर पाण्यात पडले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती. बंदरातली वाहतूक काही दिवस बंद पडली, तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्याला लागलं आणि मासळीला गिऱ्हाईक मिळेना.

अशा वेळी कोणी काय करायचं, हे १९९६ पासून राष्ट्रीय आराखड्यात लिहिलेलं आहे. प्रमुख तटरक्षक दल. ७०० टनांपर्यंतची गळती बंदर किंवा तेल कंपनीने आपल्या साधनांनी आवरायची, त्यावर गेली की तटरक्षक दल उतरतं. किनारा साफ करण्याचं काम मात्र राज्याकडे.

खरी अडचण इथेच येते. खोल पाण्यात हेलिकॉप्टरमधून औषध फवारता येतं. त्याने तेल नाहीसं होत नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं. उथळ खाडीत, कांदळवनाजवळ ते मारलं तर मासळीच्या पिल्लांवरच उठतं. पावसाळ्यात लाटा मोठ्या, तेल अडवायचे तरंगते पट्टे टिकत नाहीत. कांदळवनात माणसं उतरवली तर पायांनी तेल चिखलात आणखी खोल जातं. म्हणजे आधी काय वाचवायचं, हे अगोदरच ठरलेलं हवं. बांध फुटल्यावर पाणी कुणीकडे वळवायचं यावर भर पावसात कोणी बैठक घेतं का?

आता वालधुनीकडे बघा. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरच्या वडोलगावजवळ नदीत रासायनिक घाण सोडली गेली आणि शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने दवाखान्यात न्यावं लागलं. रात्री टँकर रिकामा होताना दिसला तर पहिला फोन पालिकेला, पोलिसांना की प्रदूषण नियंत्रण मंडळाला? पाणी पुढे जाण्याआधी कुठे अडवायचं आणि ते कोणी ठरवायचं? समुद्रासाठी याचं उत्तर कागदावर तरी आहे. नदीकाठच्या वस्तीला ते पालिकेने आणि मंडळाने पुलावर मोठा फलक लावून सांगावं, त्याला फार खर्च येत नाही.

तोवर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, समुद्रात तेल दिसल्यास तटरक्षक दल १५५४.