गव्हाणीवरील कापूस

डिसेंबर उजाडला म्हणजे नाशिक रोडच्या ख्रिस्ती घरांतून गव्हाणीच्या देखाव्याची लगबग सुरू होते. माती, गवत, पुठ्ठे व रंगीत दिवे यांच्या जोडीला कापसाची एक गुंडाळीही येते. आणि गोठा उभा राहताच छपरावर, झाडांवर, मेंढरांच्या पायांखाली तो कापूस पसरून बर्फ पडल्याचा आभास निर्माण केला जातो. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. मीही विचारला नव्हता. विचारावयास मला एका विद्यार्थ्याने लावले.

काही वर्षांपूर्वी अशा देखाव्यांच्या एका स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलाने कडब्याचे छप्पर, द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांचे कुंपण आणि काळ्या मातीचे अंगण असा नेटका गोठा रचला होता. कापूस मात्र कोठेच नव्हता. देखावा अपुरा आहे, असे म्हणून मी गुण कमी केले. तो शांतपणे म्हणाला, "सर, बर्फ मी कधी पाहिलाच नाही. जे पाहिले तेच केले." बक्षीस दुसऱ्यास गेले. घरी आल्यावर मात्र ते उत्तर माझा पिच्छा सोडीना. डोळ्यांनी पाहा आणि मग काढा, असे आपणच वर्गात सांगतो. आणि एकाने तसे केले तेव्हा त्यास शिक्षा केली तीही आपणच!

बेथलेहेमात बर्फ पडतच नाही, असे माझे म्हणणे नाही. ते गाव सुमारे ७७५ मीटर उंचीवर, डोंगरावर वसलेले आहे. तेथे हिवाळ्यात क्वचित बर्फ पडतो. २०१३ च्या डिसेंबरात तो चांगलाच पडला होता. परंतु लूककृत शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माच्या त्या रात्री बर्फ होता, असा एक शब्दही नाही. मेंढपाळ रानात राहून रात्री आपला कळप राखीत होते, एवढेच तेथे सांगितले आहे.

मग हा बर्फ आला कोठून? संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी जिवंत बैल व गाढव गव्हाणीपाशी उभे करून ख्रिस्तजन्माचा प्रसंग गावकऱ्यांच्या डोळ्यांपुढे आणला. आपल्याच रानातील गवत आणि आपल्याच गोठ्यातील जनावरे! पुढे १५६६ साली ब्रॉयगल या चित्रकाराने मरिया व योसेफ नावनोंदणीसाठी बेथलेहेमास आल्याचे चित्र रंगविले. त्यातील बेथलेहेम म्हणजे त्याच्याच मुलखातील बर्फाने झाकलेले एक खेडे आहे. त्याने बर्फ रंगविला, कारण त्याच्या दारात बर्फ होता. प्रभू माझ्याच गावी जन्मास आला, असे म्हणण्याचे धैर्य त्या चित्रात आहे. आपण त्या लोकांपासून हे धैर्य घ्यावयाचे होते. घेतला तो मात्र त्यांचा बर्फ.

आणि आपल्याकडे काय उणे आहे? निफाडच्या बाजूस कडाक्याच्या थंडीत कधीकधी दवबिंदू गोठतात, आणि द्राक्षबागा वाचविण्यासाठी शेतकरी रात्री शेकोट्या पेटवून जागतात. मेंढपाळ शेतात मेंढरांचा वाडा बसवून त्याच्या कडेला उघड्यावर निजतात. शुभवर्तमानातील ती रात्र आपल्या जिल्ह्यात याहून अधिक स्पष्ट कोठे दिसेल? रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीस भजनाचा मराठमोळा वेष दिला. कानांसाठी त्यांनी जे केले, ते डोळ्यांसाठी करावयास आपणास संकोच का वाटावा? हीच मुले दिवाळीत मातीचा किल्ला करतात व त्यावर अळीव पेरून हिरवळ आणतात, कारण पावसाने हिरवा झालेला डोंगर त्यांनी पाहिलेला असतो. रायगडावर कोणी कापूस पसरीत नाही.

कोणी म्हणेल, मुलांच्या आनंदात ही तर्कबुद्धी कशाला? शुभ्र रंग पावित्र्याचे चिन्ह नव्हे काय? हे म्हणणे मी तुच्छ मानीत नाही. ज्यास बर्फ हवा, त्याने खुशाल करावा. परंतु तो समजून करावा. केदारनाथ किंवा सियाचिन यांची प्रतिकृती करावयाची असेल, तर बर्फ हवाच. तेव्हा इतके ध्यानात धरावे की, बर्फ वरून पडतो. म्हणून तो छपरावर, फांदीच्या वरच्या अंगावर व सपाट खडकावर साचतो. उभ्या कड्यावर टिकत नाही, वळचणीखाली जात नाही. पृष्ठभागावर पातळ डिंक लावून खडूची भुकटी तलम फडक्यातून वरून चाळावी, व वाळल्यावर दुसरा थर द्यावा. म्हणजे जेथे बर्फ हवा तेथेच तो पडेल. मीठ वापरू नये. ते हवेतील ओल शोषून पाझरते. सजावटीच्या थर्मोकोलवर तर २०१८ पासून महाराष्ट्रात बंदीच आहे. आणि पालकांना विनंती अशी की, मेणबत्ती किंवा तापणारा दिवा यांच्याजवळ कापूस कदापि ठेवू देऊ नये. तो क्षणात पेट घेतो, आणि खाली गवताचाच गोठा असतो.

तात्पर्य, प्रश्न कापसाचा नाही, पाहण्याचा आहे. न पाहिलेल्या वस्तूची नक्कल करून जो मुलगा बक्षीस मिळवितो, त्यास स्वतःचे अंगण हळूहळू दिसेनासे होते. आणि हा दोष मुलाचा नव्हे, गुण देणाऱ्याचा असतो. त्या विद्यार्थ्याचे गुण आज मला परत करता येत नाहीत. यंदा आमच्या घरच्या गव्हाणीवर मात्र कापूस नसेल. कडब्याचे छप्पर, काळी माती आणि मेंढपाळांपाशी एक लहानशी शेकोटी असेल. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या गव्हाणीत तुम्ही स्वतः पाहिलेली निदान एक वस्तू असू द्या. ज्याच्यासाठी सराईत जागा नव्हती, त्यास आपल्या मातीत जागा देण्याचा हाही एक मार्ग आहे.